डिस्क भरली म्हणून एक्स-रे पुसू नका

सकाळी अकराला वॉर्डातल्या रुग्णाला डिस्चार्ज मिळतो. नातेवाईक सामान आवरतात, सिस्टर चादर बदलून घेतात, खाट रिकामी होते. पण तळमजल्यावरच्या ॲडमिशनच्या खिडकीवर ही खबर कोणी पोचवली नाही, तर तिथल्या रजिस्टरात ती खाट भरलेलीच राहते. संध्याकाळी आलेल्या रुग्णाला ‘खाट नाही’ असे सांगितले जाते आणि ते सांगणारा कारकून खोटे बोलत नसतो. त्याच्या वहीत ती खाट खरोखरच भरलेली असते. मोठ्या रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही हा प्रकार नवा नाही. हाच प्रकार आता रुग्णालयाच्या सर्व्हर रूममध्ये रोज घडतो. तिथे सिस्टर आणि कारकून ही दोन्ही कामे सॉफ्टवेअरकडे असतात आणि त्यांची गाठ घालून देणारे माणूस बहुधा नसते.

याचा शेवट बऱ्याचदा एका पत्रात होतो. साठवणुकीची जागा ९५ टक्के भरल्याचा लाल इशारा पडद्यावर येतो, संगणक पाहणारा कंत्राटी मुलगा वरिष्ठांना कळवतो आणि क्ष-किरण विभागाला लेखी सूचना जाते : तीन वर्षांपूर्वीच्या प्रतिमा काढून टाकाव्यात. अशा वेळी रुग्णालये दोनच उपायांकडे वळतात. एक, जुन्या प्रतिमा पुसायच्या. दुसरा, नवे स्टोअरेज विकत घ्यायचे. पहिला रुग्णाच्या हिताविरुद्ध आहे आणि दुसरा बरेचदा अनावश्यक. तिसरा उपाय म्हणजे रिकामी असूनही अडून बसलेली जागा सोडवून घेणे. तो स्वस्त आहे, पण कंटाळवाणा आहे आणि त्याचे उद्घाटन करता येत नाही. त्यामुळे तो मागे पडतो.

हे समजून घ्यायला थोडे यंत्राच्या पोटात शिरावे लागेल. पूर्वी एका कामाला एक संगणक असे. नोंदणीचा वेगळा, प्रयोगशाळेचा वेगळा, एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमा साठवणारा वेगळा. आता एका दणकट सर्व्हरवर असे दहा-वीस आभासी संगणक एकत्र चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाला वाटते की आपल्याला स्वतःची हार्ड डिस्क आहे. प्रत्यक्षात ती डिस्क म्हणजे खालच्या सामाईक साठ्यावरची एक भलीमोठी फाइल असते. ही फाइल पहिल्या दिवसापासून पूर्ण आकाराची करता येते, म्हणजे दोन टेराबाइट मागितले की दोन टेराबाइट तिथेच अडकले. किंवा ती लवचीक ठेवता येते : आश्वासन दोन टेराबाइटचे, पण प्रत्यक्षात जसजसे लिहिले जाईल तसतशी फाइल फुगत जाते.

दुसरी पद्धत शहाणपणाची वाटते आणि आहेही. लग्नाची आमंत्रणे हजार जातात, पाने सहाशेची मांडतात. सगळे एकदम येत नाहीत हे यजमानाला ठाऊक असते. पुरवठादार तर प्रत्येक यंत्रासाठी ‘असू द्या पुढे लागेल’ म्हणून दुप्पट-तिप्पट जागा मागतोच. ती सगळी खरोखर देत बसले तर कुठल्याच रुग्णालयाला परवडणार नाही. पण या लवचीक फाइलची एक खोड आहे. ती फुगते, आपणहून आकसत नाही.

कारण पुसण्याची रीत. आपण एखादी फाइल डिलीट करतो तेव्हा संगणक तिचा मजकूर खोडत बसत नाही. तो फक्त आपल्या अनुक्रमणिकेत ‘ही जागा पुन्हा वापरायला मोकळी’ अशी खूण करतो. ही खूण त्या आभासी संगणकाच्या आत राहते. खालच्या सर्व्हरला ती दिसत नाही. त्याला एवढेच माहीत असते की या जागेवर कधीतरी काहीतरी लिहिले होते, म्हणजे ती व्यापलेली आहे. खाट रिकामी, रजिस्टर भरलेले.

आणि रजिस्टर एकच नसते. रुग्णांच्या नोंदी ज्या डेटाबेसमध्ये असतात, त्यातून लाखभर ओळी काढल्या तरी डेटाबेसची फाइल तेवढीच राहते. ती मोकळी जागा तो स्वतःच्या पुढच्या नोंदींसाठी राखून ठेवतो. त्याखाली आभासी संगणकाची अनुक्रमणिका. त्याखाली सर्व्हरची. त्याखाली स्टोअरेजच्या पेटीची स्वतःची. शेवटी बॅकअपची. वरच्या मजल्यावर काही रिकामे झाले, तर ते तळापर्यंत कळायला प्रत्येक मजल्याने खालच्याला सांगावे लागते. मधला एक जरी गप्प बसला, की साखळी तुटली.

आता ते क्ष-किरण विभागाला गेलेले पत्र पुन्हा पाहावे. विभागाने आदेश पाळला, तीन वर्षांपूर्वीच्या प्रतिमा सॉफ्टवेअरमधून काढल्या. दुसऱ्या दिवशी सर्व्हरचा आकडा पाहिला तर ९५ टक्के तसाच. बॅकअपचा आकारही जवळपास तसाच. ‘पुरेसे पुसले नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि दोन वर्षांपूर्वीच्या प्रतिमा काढण्याचा दुसरा आदेश येतो. रुग्णाचा पुरावा गेला आणि जागाही मिळाली नाही. या संपूर्ण विषयातली सगळ्यात वाईट गोष्ट कुठली असेल तर ही. हे अज्ञान साधे आहे, पण त्याची किंमत सर्व्हर रूमला मोजावी लागत नाही.

किंमत कोण मोजतो? पन्नाशीचा, पूर्वी बिडी ओढणारा माणूस खोकला म्हणून येतो. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली दिसते. ती जुन्या क्षयरोगाचा बरा झालेला व्रण असू शकते, नव्याने उसळलेला क्षयरोग असू शकते, कर्करोगही असू शकते. चार वर्षांपूर्वी हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी काढलेला एक्स-रे याच रुग्णालयाच्या संगणकात असेल आणि त्यात हीच सावली याच आकाराची असेल, तर अर्धे उत्तर पाच मिनिटांत मिळते. तो नसेल तर सीटी स्कॅन, कदाचित सुईने तुकडा काढणे, आणि या सगळ्याच्या तारखांसाठी तालुक्याहून जिल्ह्याला हेलपाटे. फुप्फुसातली एखादी घन गाठ दोन वर्षांत वाढलेली नसेल तर ती सहसा निरुपद्रवी मानली जाते. हा निर्णय दोन वर्षांपूर्वीचे चित्र समोर असल्याशिवाय घेता येत नाही. मॅमोग्राफीतही तेच, जुने चित्र शेजारी असले की विनाकारण पुन्हा बोलावल्या जाणाऱ्या स्त्रियांची संख्या घटते.

कायद्याचा आधार घेऊन ‘तीन वर्षे झाली, आता पुसा’ असे म्हणणारे आहेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपण्यास सांगितले आहे, हे खरे. पण ती किमान मर्यादा आहे. फुप्फुसातल्या गाठीला ती लागू होत नाही.

बरे, या प्रतिमा आहेत तरी केवढ्या? सीटीचा एक काप म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके, दर ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे सुमारे अर्धा मेगाबाइट. सहाशे कापांची तपासणी तीनशे मेगाबाइटची झाली. अशा तीन हजारांहून अधिक तपासण्या एका टेराबाइटमध्ये मावतात. आता दुसऱ्या बाजूला पाहावे. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने प्रात्यक्षिकासाठी उभे केलेले आणि नंतर कोणीच न उघडलेले आभासी यंत्र, एखाद्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणाआधी घेतलेला आणि विसरलेला ‘स्नॅपशॉट’, यादीतून काढले पण ज्याची डिस्क-फाइल तशीच पडून आहे असे जुने नोंदणीचे यंत्र, रुग्णाला सीडी देताना तयार झालेल्या आणि कोणी न काढलेल्या तात्पुरत्या प्रती. रुग्णालयाच्या साठ्यातली जागा अशा मालानेही खाल्लेली असते. (व्हॉट्सॲपवरून आलेल्या शुभ सकाळच्या चित्रांचा हिशेब वेगळा.)

स्नॅपशॉटबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण त्याच्याविषयीचा गैरसमज सगळ्यात पक्का आहे. स्नॅपशॉट घेतला की त्या क्षणाची डिस्क गोठवली जाते आणि त्यापुढचा प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये जमा होऊ लागतो. अद्ययावतीकरण फसले तर मागे जाता यावे, एवढाच त्याचा उपयोग. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे व्हीएमवेअर ही कंपनी आपल्या वापरकर्त्यांना सांगते. प्रत्यक्षात तो महिनोन्महिने पडून राहतो, बदलांची फाइल वाढत राहते आणि विचारले की ‘बॅकअप म्हणून ठेवलाय’ असे उत्तर मिळते. तो बॅकअप होऊ शकत नाही. तो मूळ डिस्कच्या खांद्यावर उभा असतो. ती गेली की तोही गेला.

जागा संपली तर होते काय, याचे उत्तर जपानमध्ये मिळाले. २९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधील १४ जुळणी कारखाने थांबले. सायबर हल्ल्याची शंका घेतली गेली. कंपनीने नंतर दिलेले कारण साधे होते. दोन दिवस आधी देखभालीच्या कामात डेटाबेसमधला साचलेला मजकूर काढून त्याची मांडणी करताना डिस्कवरची जागा अपुरी पडली आणि सुट्या भागांच्या मागण्या हाताळणारे सर्व्हर बंद पडले. पर्यायी यंत्रणा त्याच प्रणालीवर होती, तिथेही तोच बिघाड झाला. शेवटी सगळे जास्त जागेच्या सर्व्हरवर हलवून काम सुरू झाले. अनावश्यक साठा नको, हा मंत्र जगाला शिकवणाऱ्या कंपनीचे काम सर्व्हरवरच्या साठ्याच्या जागेपायी अडावे, यात थोडा विनोद आहे. रुग्णालयात तो विनोद राहत नाही. लवचीक डिस्कांना दिलेली आश्वासने खऱ्या जागेपेक्षा जास्त असतात. सामाईक साठा काठोकाठ भरला, की त्यावरची जी जी यंत्रे काही लिहू पाहतात ती सगळी एकामागून एक अडतात. प्रयोगशाळेचा अहवाल, रक्तपेढीची नोंद, अपघात विभागाची नोंदणी, सारे एकाच रात्री. आमंत्रण दिलेले हजारही पाहुणे पंगतीला बसले, अशी ती स्थिती.

या प्रसंगातून आणखी एक गोष्ट घ्यावी : साफसफाईलाही जागा लागते. गळ्यापर्यंत भरल्यावर आवरायला बसले, तर आवरण्याच्या कामातच यंत्रणा बंद पडते.

मग जागा सोडवायची कशी? चांगली बातमी अशी की अलीकडच्या प्रणालींमध्ये वरच्या मजल्याने खालच्याला ‘ही जागा मोकळी झाली’ असे सांगण्याची सोय असते. लिनक्समध्ये ‘एफएसट्रिम’ नावाची आज्ञा हेच करते आणि उबुंटूसारख्या प्रणालीत ती आठवड्यातून एकदा आपोआप चालते. विंडोज सर्व्हरच्या २०१२ नंतरच्या आवृत्त्याही अशी सूचना पाठवू शकतात. अडचण एवढीच की मधल्या सर्व पातळ्यांवर ही सोय चालू असावी लागते. आभासी यंत्र उभे करताना एक खूण करायची राहून गेली, तर वरून दिलेली हाक खाली पोचत नाही. ही खूण तपासणे हे तासाभराचे काम आहे. ते न करता लाखांची खरेदी होणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे, मग ती खरेदी कितीही नियमात बसवलेली असो.

जिथे ही सोय नाही, तिथे जुनी युक्ती वापरतात. आभासी यंत्रातल्या मोकळ्या जागेवर नुसती शून्ये लिहून काढायची. विंडोजवर त्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘एसडिलीट’ मिळते. मग खालची प्रणाली त्या फाइलमधला शून्यांचा भाग ओळखते आणि फाइल आवळून घेता येते. बॅकअपलाही फायदा होतो, कारण शून्यांची रांग दाबून जवळजवळ काहीच उरत नाही. याउलट पुसलेल्या पण जागेवरच असलेल्या एक्स-रेच्या प्रतिमा बहुधा आधीच दाबलेल्या असतात. त्या आणखी आकसत नाहीत. रोजच्या बॅकअपला त्या मेलेल्या वजनासारख्या चिकटून राहतात.

पण ही युक्ती अननुभवी हातात धोक्याची आहे. शून्येही लिहावीच लागतात. ती लिहिताना लवचीक फाइल आधी आपल्या पूर्ण आश्वासित आकारापर्यंत फुगते आणि मगच आवळता येते. साठ्यात शंभर-दोनशे गिगाबाइटच उरलेले असताना कोणी दोन टेराबाइटच्या यंत्रावर हा प्रयोग केला, तर जागा वाचवायला निघालेला माणूसच सगळी यंत्रे थांबवून बसतो. चालू स्नॅपशॉट असताना हे केले तर बदलांची फाइलही तेवढीच फुगते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बॅकअप आणि तो खरोखर उघडतो याची खात्री. मग विसरलेले स्नॅपशॉट आणि बेवारस डिस्का. मग मजल्या-मजल्यांतला निरोप चालू करणे. शून्यांची पाळी सगळ्यात शेवटी, एका वेळी एकच यंत्र, आणि ओपीडीच्या वेळेत कधीच नाही. पोट उघडण्याआधी रक्ताची पिशवी राखून ठेवतात, तसेच हे.

बेवारस डिस्क म्हणजे नक्की बेवारस आहे का, हेही एका माणसाने ठरवू नये. क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये दहा दिवसांपेक्षा जुन्या नोंदफायली काढण्याचे स्वयंचलित काम बदलण्यात आले. ते चालू असतानाच त्याच्यावर नवी आवृत्ती चढवली गेली आणि जुन्या नोंदींऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या. सुमारे ७७ टेराबाइट, जवळपास ३ कोटी ४० लाख फायली गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला आणि त्यांपैकी चार गटांची माहिती बॅकअपमधूनही परत आणता आली नाही. हे काम कोणा नवशिक्याचे नव्हते. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीनेच केलेले होते. जागा सोडवणे आणि मजकूर पुसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि दोन्ही एकाच आज्ञेत मिसळल्या की असे होते.

‘हल्ली डिस्क इतक्या स्वस्त झाल्या आहेत, घ्या की नव्या,’ हा युक्तिवाद ऐकायला व्यवहारी वाटतो. रुग्णालयाच्या दृष्टीने त्यात खरी चूक आहे ती वेळेच्या हिशेबात. दहा टेराबाइटचा साठा एका सेकंदाला एक गिगाबिट वेगाच्या जाळ्यावरून हलवायचा, तर काहीही अडथळा न येता बावीस तास लागतात. त्यातला निम्मा भाग पुसलेल्या फायलींचा असेल तर अकरा तास नुसत्या कचऱ्याच्या वाहतुकीत जातात. रोज रात्रीचा बॅकअप सकाळच्या ओपीडीपर्यंत संपत नाही. मग तो एक दिवसाआड होतो, मग आठवड्याला, मग एक दिवस ‘जागा अपुरी’ म्हणून थांबतो, आणि तो थांबल्याचा ईमेल ज्या कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर जातो त्याचे कंत्राट मागच्या वर्षीच संपलेले असते. आणि ज्या दिवशी सगळे परत आणायची वेळ येते, त्या दिवशीही ते बावीस तासच लागतात. फक्त तेव्हा बाहेर रांग उभी असते. स्वस्त डिस्क घेऊन कचरा साठवता येतो, तो वाहून नेण्याचा वेळ विकत मिळत नाही.

आकारामुळे बॅकअपच न घेण्याची वेळ येते, हे काल्पनिक नाही. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी बॅटरीतून आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली जिथे साठत, ती सामाईक साठवण त्यात जळाली. ८५८ टेराबाइट. तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती आणि त्याचे दिलेले कारण होते, आकार फार मोठा. त्यातले किती टेराबाइट कामाचे आणि किती नुसते साचलेले होते, याची छाननी आता कोण करणार?

आपल्याकडचे उदाहरण त्यामानाने आशादायक म्हणावे लागेल. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि नोंदणी, अपॉइंटमेंट, दाखल करणे, डिस्चार्ज ही सारी कामे सुमारे दोन आठवडे कागदावर करावी लागली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली होती. ई-हॉस्पिटलची माहिती एका अबाधित बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली आणि नव्या सर्व्हरवर चढवली गेली. १.३ टेराबाइट म्हणजे किती, तर दुकानात मिळणाऱ्या, खिशात मावणाऱ्या डिस्कवर बसेल एवढे. देशातल्या एका अग्रगण्य रुग्णालयाला दोन आठवडे मागे नेणारी माहिती एवढीशी होती, आणि त्यातून बाहेर काढणारी गोष्ट म्हणजे हल्ल्याच्या आवाक्याबाहेर राहिलेली एक प्रत.

म्हणूनच सोडवलेल्या जागेचे काय करायचे हा प्रश्न जागा सोडवण्याइतकाच महत्त्वाचा आहे. ती नव्या यंत्रांना वाटून टाकली तर सहा महिन्यांत पुन्हा तोच लाल इशारा. तिच्यावर पहिला हक्क दुसऱ्या प्रतीचा असायला हवा. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी डिजिटल छायाचित्रे सांभाळण्यासाठी मांडलेला नियम आता सगळीकडे वापरला जातो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. रुग्णालयाने त्यात एवढीच भर घालावी की त्यातली एक प्रत जाळ्यापासून तोडलेली, वायर काढलेली असावी. जी प्रत सर्व्हरवरून दिसते ती हल्लेखोरालाही दिसते.

बॅकअपच्या साठ्यातही तीच खाट-रजिस्टरची गंमत आहे, हे इथेच सांगायला हवे. आजची बरीच बॅकअप सॉफ्टवेअर एकसारखे तुकडे एकदाच साठवतात. जुना बॅकअप काढला, तर फक्त त्याची यादी जाते. त्याचे तुकडे दुसरा कोणता बॅकअप वापरत नाही ना, हे पाहणारी साफसफाईची फेरी झाल्यावरच जागा सुटते. काही प्रणालींत ही फेरी मुद्दाम दिवसभराच्या अंतराने काम करते. ते माहीत नसलेला माणूस एक बॅकअप काढतो, आकडा हलत नाही, दुसरा काढतो, तिसरा काढतो. दुसऱ्या दिवशी भरपूर जागा मिळते आणि परत जायला एकही जुनी तारीख उरत नाही.

या विषयाला खासगीपणाचीही एक बाजू आहे आणि तिच्याकडे डॉक्टरांनी तरी दुर्लक्ष करू नये. एचआयव्हीचा अहवाल, गर्भपाताची नोंद, मनोविकाराचा केसपेपर ‘डिलीट’ केला तरी तो जागेवरच असतो आणि प्रत्येक संपूर्ण बॅकअपबरोबर नव्या डिस्कवर जात राहतो. ती डिस्क कधीतरी निर्लेखित होऊन भंगारात जाते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती पुसून मागण्याचा हक्क माणसाला दिला आहे. पुसणे म्हणजे अनुक्रमणिकेतली खूण, एवढाच अर्थ घेऊन तो हक्क पाळल्यासारखे होणार नाही. शून्यांची पाळी निदान त्या यंत्रापुरते हे काम करते. आधीच्या बॅकअपचे आयुष्य किती, हे मात्र वेगळे ठरवून लिहून ठेवावे लागते.

राहता राहिला प्रश्न हे करायचे कोणी. सरकारी रुग्णालयात डिस्क विकत घेणे सोपे आहे, माणूस नेमणे अवघड. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून स्टोअरेजची पेटी मागवता येते. ती सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे पद मंजूर करून घ्यायला वर्षे जातात. देखभालीच्या करारात यंत्र बंद पडले तर किती तासांत माणूस येईल हे लिहिलेले असते, दर तिमाहीला अडकलेली जागा सोडवून देण्याचे कलम क्वचित असते. ते घालायला वेगळा निधी लागत नाही. नव्या स्टोअरेजच्या प्रस्तावाला एक पान जोडणे सक्तीचे करावे : आश्वासित जागा किती, प्रत्यक्ष व्यापलेली किती, आभासी यंत्रांच्या आतून मोजली तर खरोखर वापरातली किती. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांत मोठे अंतर असेल तर प्रस्ताव परत पाठवावा.

रुग्णाची प्रतिमा पुसण्याचा अधिकार संगणक विभागाकडे नसावा आणि तो लेखा विभागाकडे तर मुळीच नसावा. कोणती प्रतिमा पुढे लागू शकते हा वैद्यकीय निर्णय आहे. त्यावर क्ष-किरणतज्ज्ञाची आणि अभिलेख अधिकाऱ्याची सही हवी. डॉक्टरांना यात लक्ष घालायला वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. पण वॉर्डातल्या खाटांचा हिशेब ते रोज सकाळी घेतातच. महिन्यातून एकदा सर्व्हरच्या खाटांचाही घ्यावा.

आणि तिमाहीला एकदा एक छोटी कवायत व्हावी. मागच्या वर्षीच्या कोणत्याही एका रुग्णाचा क्रमांक चिठ्ठी टाकून काढावा. त्याचा केसपेपर, रक्ताचे अहवाल आणि सीटी, फक्त बॅकअपवरून, दुसऱ्याच एका संगणकावर परत आणायला सांगावे. हातात घड्याळ धरून बसावे. किती वेळ लागला आणि काय मिळाले नाही, हे दोन रकाने वहीत भरावेत आणि त्याखाली वैद्यकीय अधीक्षकांची सही घ्यावी.